मैदानावरची मराठी वाणी

(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा येथे खेळाडू, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ.)



खेळाडूंच्या मेळाव्यात बोलायचे तर एखाद्या थोर खेळाडूचे चरित्र सांगावे, अशी प्रथा आहे. मी आज ती थोडी बाजूला ठेवणार आहे. ज्यांचे नाव घेऊन मी उभा आहे ते तरुणपणी खेळाडू होते, रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळले होते. परंतु महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते त्यांच्या आवाजावरून. पुण्याचे बाळ ज. पंडित. जन्म १९२९ चा. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, पुण्यातच त्यांचे निधन झाले. क्रिकेटच्या सामन्याचे आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव पहिले. इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या मंडळींच्या चेहऱ्यावर ते नाव ऐकताच ओळख उमटलेली मला दिसते आहे. तरुणांच्या चेहऱ्यावर ती नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पुण्याच्या समालोचकाची कथा नाकाडोंगरीत कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर तुमच्या जमिनीत आहे. शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. मँगनीज पोलादासाठी लागते, हे येथील प्रत्येक पोराला ठाऊक. परंतु या खाणीतून निघणाऱ्या खनिजाचा एक प्रकार, मँगनीज डायऑक्साइड, पोलादाच्या भट्टीकडे न जाता सेल बनवणाऱ्या कारखान्यांकडे जातो. जुना सेल दगडाने फोडून आतली काळी भुकटी हाताला फासण्याचा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी केलेला असेल. बाहेर जस्ताचे नळकांडे, मधोमध कर्बाची कांडी आणि त्या दोहोंमध्ये ठासून भरलेली ती काळी भुकटी. तेच हे खनिज. ज्या काळात सीमेवरच्या या गावांत वीज नव्हती, असली तरी तिचा भरवसा नव्हता, त्या काळात ट्रान्झिस्टर चालत असे तो सेलवर. मराठी मुलखाला मैदानावरची वाणी ऐकवणाऱ्या कित्येक सेलमध्ये या डोंगराची माती असली पाहिजे. वाणी पुण्या-मुंबईची असेल. तिच्या मागची शक्ती इथली होती, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरणार नाही.

दुसरे उत्तर पुढे येईलच.

धावत्या वर्णनाचा विषय निघाला की आपल्याकडे संजयाचे स्मरण करण्याची पद्धत आहे. ते योग्यच आहे. परंतु महाभारत नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. भीष्म शरपंजरी पडल्यानंतर, म्हणजे दहा दिवसांचे युद्ध उलटून गेल्यावर, संजय रणांगणावरून परत येतो आणि मग धृतराष्ट्राला सारे सविस्तर सांगू लागतो. काटेकोरपणे पाहता ते 'धावते' नव्हे, तर घडून गेलेल्याचे वर्णन. तरीही संजय हा या विद्येचा आद्य पुरुष ठरतो, कारण त्याच्यासमोर बसलेला श्रोता अंध आहे. 'हे पाहा' असे त्याला म्हणता येत नाही. जे काही पोहोचवायचे ते शब्दांतूनच पोहोचवायचे, ही अट संजयावर आहे.

इंग्लंडमध्ये १९२७ च्या जानेवारीत बीबीसीने रग्बीच्या सामन्याचे पहिले धावते वर्णन प्रसारित केले. वर्णन करणारा टेडी वेकलम हा स्वतः खेळाडू. पण माइकसमोर कसे बोलायचे ते कोणालाच माहीत नव्हते. तेव्हा त्याच्या कक्षात एका अंध गृहस्थाला आणून बसवले आणि वेकलमला सांगितले की, लाखो श्रोत्यांचा विचार करू नकोस, या एकाला सामना समजावून सांग. श्रोत्यांसाठी मैदानाचा चौकोन पाडलेला नकाशाही साप्ताहिकात छापला होता आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे ते दुसरा आवाज मधून मधून सांगत असे. पुढे तो नकाशा गेला. शब्दच पुरेसे आहेत, असे सिद्ध झाले. आपल्या व्यासांना जे सुचले होते तेच तिथल्या निर्मात्यालाही स्वतंत्रपणे सुचावे, याचे मला मोठे कौतुक वाटते. त्या निर्मात्याने महाभारत वाचले होते, असा दावा मात्र मी करणार नाही. अशा दाव्यांनी आपलेच हसे होते.

भारतात ही विद्या आली ती इंग्रजीतून. मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या काळात, १९३४ साली, ए. एफ. एस. तल्यारखान यांनी नभोवाणीवरून क्रिकेटचे वर्णन केले. हे पारशी गृहस्थ दिवसभर एकटे बोलत. माइक दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना मंजूर नसे. आवाज भारदस्त, इंग्रजी अस्खलित. त्यांच्या मागोमाग इंग्रजी समालोचकांची एक मोठी परंपरा उभी राहिली आणि तिच्याबरोबर एक समजही रुजला की हा खेळ इंग्रजांचा, त्यामुळे त्याचे वर्णन इंग्रजीतच शोभते. देशी भाषेत 'एलबीडब्ल्यू' कसे सांगणार? 'मेडन ओव्हर'ला काय म्हणणार? श्रोते हसणार नाहीत का?

हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नव्हता. न्यायालयात, विज्ञानाच्या वर्गात, सैन्याच्या कवायतीत, जिथे जिथे आधुनिक काही आले तिथे तिथे हेच विचारले गेले. संघस्थानावरच्या आज्ञाही सुरुवातीच्या वर्षांत इंग्रजी वळणाच्याच होत्या. १९३९ साली वर्धा जिल्ह्यातील सिंदी येथे बैठक झाली आणि 'दक्ष', 'आरम' अशा संस्कृत आज्ञा आल्या. प्रारंभी त्या कोणाला अवघड वाटल्या असतील. आज आठ वर्षांचा स्वयंसेवकही त्या ऐकून सहज उभा राहतो. शब्द अवघड नसतो, अनोळखी असतो. वापराने ओळख होते.

बाळ ज. पंडित आणि त्यांच्यासारखी मंडळी माइकपुढे बसली तेव्हा त्यांच्यापुढे हीच कसोटी होती. फरक एवढाच, की कोशकाराला एका शब्दासाठी महिनाभर विचार करता येतो. समालोचकाला गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेतो वेळ असतो. वृत्तपत्रांच्या क्रीडापानांनी काही शब्द आधीच रुळवले होते. काही बोलता बोलता पक्के झाले. कोणता शब्द कोणी प्रथम योजला याचा वाद घालण्यात अर्थ नाही. कानावर पडून, तोंडात बसून ते घराघरांतील झाले, आणि त्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे.

आता या शब्दांकडे जरा निरखून पाहा. 'पायचीत', 'धावचीत', 'यष्टिचीत', 'त्रिफळाचीत'. हा 'चीत' कुठून आला? आखाड्यातून! प्रतिमल्लाची पाठ मातीला लावली की तो चीत झाला. इंग्रजांच्या हिरवळीवर बाद होणारा फलंदाज मराठी माणसाने आपल्या तांबड्या मातीत आणून चीत केला. 'डाव' हा शब्द कुस्तीत होता, हुतूतूत होता, सोंगट्यांत होता; तोच 'इनिंग'ला चपखल बसला. 'गडी बाद' हा तर आपल्या अंगणातल्या खेळांचाच शब्द. 'निर्धाव षटक' घ्या. 'निर्' हा संस्कृत उपसर्ग, 'धाव' हा रोजच्या मराठीतला शब्द. व्याकरणाचे शास्त्री अशा संकरावर नाक मुरडतील, पण तीन अक्षरांत सारा अर्थ उतरला. 'षटक' म्हणजे सहांचा समूह. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचे षटक असे. पहाटे उठून तिथल्या सामन्यांचे वर्णन ऐकणाऱ्या एखाद्या चिकित्सकाला 'हे षटक नव्हे, अष्टक' असे म्हणावेसे वाटले असेल. शब्द मात्र टिकला, शेवटी ऑस्ट्रेलियाच सहा चेंडूंवर आली.

आणि 'त्रिफळा'! हिरडा, बेहडा, आवळकाठी यांच्या त्या चूर्णाचे नाव तीन यष्ट्यांच्या उडण्याला देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार केला पाहिजे. १९८७ च्या विश्वचषकात आपल्या नागपूरला, विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर, चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन फलंदाज लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले. विश्वचषकातील ती पहिली हॅट्‌ट्रिक. तिघेही त्रिफळाचीत. रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड. त्याच सामन्यात सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकावले. ते वर्णन ज्यांनी ऐकले असेल त्यांना त्या शब्दाचा टणत्कार आजही आठवत असेल.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा मी अभिमानी आहे. 'दिनांक', 'महापौर', 'हुतात्मा' हे शब्द आपण रोज वापरतो आणि ते कोणाचे ऋण आहे हे विसरतो. असे असता 'गोलंदाज' हा फारसी वळणाचा शब्द मराठीने क्रिकेटसाठी का घेतला, असे मला कोणी विचारले तर? मी म्हणेन, तो मराठ्यांच्या तोफखान्यातून आला. किल्ल्याच्या बुरुजावर तोफ डागणारा तो गोलंदाज, शेकडो वर्षे आपल्या बखरींत आणि पत्रांत वावरलेला. त्याच्या जोडीला 'फलंदाज' उभा राहिला आणि जोडी जमली. सावरकरांचाही आग्रह असा होता की, आपला चांगला शब्द जिवंत असता त्याला हुसकावून परका शब्द आणू नये. जी वस्तूच आपल्याकडे नव्हती तिचे नाव तसेच घ्यायला त्यांची हरकत नव्हती. मराठी समालोचकांनी तोच विवेक पाळला. स्लिप, गली, कव्हर, मिडऑन ही जागांची नावे त्यांनी तशीच ठेवली. त्यांच्या भाषांतराचा हट्ट धरला असता तर श्रोता मैदान सोडून शब्दकोशात अडकला असता. भाषाभिमान आणि भाषेचा सोस यांतील भेद ज्याला कळतो तोच असे करू शकतो.

शब्दांचे झाले. पण शब्दांहून कठीण होती ती वाक्याची रचना, आणि याविषयी फारसे कोणी बोलत नाही. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येते. काय झाले ते आधी कळते, तपशील मागून. मराठीत क्रियापद शेवटी. 'फलंदाजाने ऑफ यष्टीबाहेरचा आखूड टप्प्याचा चेंडू मागे सरकून कव्हरमधून सीमापार धाडला' हे वाक्य कागदावर उत्तम. माइकवर ते पूर्ण होईतो प्रेक्षकांच्या टाळ्या वाजून थांबलेल्या असतात आणि 'धाडला' ऐकण्यापूर्वीच श्रोत्याला गर्जनेवरून चौकार कळलेला असतो. मग समालोचक काय करतो? तो वाक्य तोडतो. 'गोलंदाज निघाला. पंचांना ओलांडले. चेंडू आखूड टप्प्याचा, ऑफ यष्टीच्या बाहेर. फलंदाज मागे सरकला. कव्हरमधून... चौकार!' प्रत्येक तुकडा डोळ्यांपुढे घडणाऱ्या एकेका क्षणाबरोबर पडतो. आणि याच रचनेचा दुसरा लाभ असा की, निर्णायक शब्द शेवटी ठेवता येतो. चेंडू उंच गेला आहे, खाली क्षेत्ररक्षक आहे, तो मागे मागे जातो आहे, सीमारेषेजवळ आला आहे, आणि झेल... त्या 'झेल'नंतर 'घेतला' येते की 'सुटला', यासाठी सगळे गाव श्वास रोखून बसते. मराठीच्या अंगी असलेली ही नाट्यमयता आपल्या कीर्तनकारांना कधीपासून ठाऊक होती. समालोचकांनी ती मैदानावर नेली.

यासाठी खेळ आतून कळावा लागतो. पंडित स्वतः रणजीपर्यंत खेळलेले असल्यामुळे फलंदाजाचा पाय हलला तो का हलला, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. शिवाय ते लेखक होते. क्रिकेटवर त्यांनी मराठीत विपुल लिहिले, गावसकरांचे लेखन मराठी वाचकांपर्यंत आणले. मराठी क्रीडालेखनाला स्वतंत्र पान आणि प्रतिष्ठा मिळवून देणारे वि. वि. करमरकर हे त्यांच्याच काळातले. 'महाराष्ट्र टाइम्स'च्या क्रीडापानावर त्यांनी क्रिकेटबरोबर कबड्डी-खोखोलाही जागा दिली. करमरकर २०२३ च्या मार्चमध्ये गेले. बोलणारा आणि लिहिणारा, अशा दोन्ही बाजूंनी खेळ मराठीत आला तेव्हा कुठे तो मराठी माणसाचा झाला. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. ओव्हलचा विजय तर गणेश चतुर्थीच्या दिवशीचा. त्या वर्षानंतर क्रिकेट गावोगाव पोहोचले असे म्हणतात. पोहोचले खरे, पण विजयाची वार्ता वाहून नेणारी भाषा तयार नसती तर ते शहरांच्या जिमखान्यांतच अडकून राहिले असते.

हे केवळ मराठीतच घडले असे नाही. बंगालमध्ये अजय बसू, कमल भट्टाचार्य, पुष्पेन सरकार यांनी फुटबॉल आणि क्रिकेटचे बंगाली वर्णन असे केले की कलकत्त्याची पिढी त्यांच्या आवाजावर वाढली. तमिळमध्ये अब्दुल जब्बार झाले. आणि हिंदी! आपण तर मध्य प्रदेशाच्या वेशीवर बसलो आहोत. बावनथडीच्या पलीकडे हिंदी, अलीकडे मराठी, घराघरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी. इथल्या कानांना हिंदी कधीच परकी नव्हती. १९७५ साली क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी निर्णायक गोल केला, तो क्षण या देशाने ऐकला जसदेव सिंग यांच्या हिंदीतून. इंदूरचे सुशील दोशी, दिल्लीचे रवी चतुर्वेदी यांनी क्रिकेटला हिंदीत प्रतिष्ठा दिली; तिघांनाही पद्म सन्मान लाभले. त्यांचा मला तितकाच अभिमान आहे. मराठीचा पक्ष घेण्यासाठी हिंदीशी वैर मांडण्याची गरज नाही. आपल्या सर्व भाषा एका घरातल्या आहेत. ज्या समजाशी झगडायचे होते तो समज असा होता, की यांपैकी एकही भाषा आधुनिक जीवनाला पुरी पडत नाही.

'आकाशवाणी' हे नावच पाहा. म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या छोट्या नभोवाणी केंद्राला ते दिले. सरकारी नभोवाणी १९३६ पासून 'ऑल इंडिया रेडिओ' होती. तिने १९५७ मध्ये 'आकाशवाणी' हे नाव स्वीकारले, तरी इंग्रजी नाव सोबत राहिलेच. २०२३ मध्ये प्रसार भारतीने ते इंग्रजी नाव सोडून सर्वत्र 'आकाशवाणी' म्हणण्याचा आदेश काढला. एका शब्दाला पूर्ण घर मिळायला एवढी वर्षे लागली! आपले नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झाले. नागपूरला पहिला कसोटी सामना १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये झाला, न्यूझीलंडविरुद्ध. तो आपण १६७ धावांनी हरलो, हेही सांगून टाकतो, नाहीतर नागपूरकर ते सांगत नाहीत.

आता मघाशी राखून ठेवलेल्या दुसऱ्या उत्तराकडे येतो.

क्रिकेटला मराठी वाणी मिळाली. पण ज्या खेळांचे शब्द उसने घेऊन आपण क्रिकेटचे वर्णन केले, त्या खेळांचे काय? आखाड्याने 'चीत' दिला, हुतूतूने 'गडी' दिला. त्या कुस्तीला, त्या कबड्डीला, त्या खोखोला आकाशवाणीच्या वैभवाच्या काळात किती तास मिळाले? या खेळांना नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी शंभर वर्षांपूर्वीच घालून दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. बुवा साळवींनी कबड्डीसाठी आयुष्य वेचले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचे प्रदर्शन झाले, १९९० मध्ये बीजिंगला तिला पदकाचा मान मिळाला आणि सुवर्ण आपण आणले. इतके होऊनही कबड्डीचा बाळ ज. पंडित कोण, असे विचारले तर उत्तर देताना अडखळायला होते.

कारण एक असेही आहे की ते काम अधिक कठीण आहे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला, धावसंख्या सांगायला, एखादी आठवण काढायला वेळ मिळतो. कबड्डीत तीस सेकंदांची चढाई. एक गडी आत, सात समोर, निदान रेषा ओलांडली की नाही, बोनस मिळाला का, कोपरा पुढे आला का, पकड पायाची की कमरेची, आणि रेषेला हात लागला का, हे सारे एका दमात. ज्याचा दम चढाईपटूइतका नाही त्याने माइक धरू नये! खोखोत तर बसलेला गडी उठतो तोच खो देतो, पळणारा साखळीतून हुलकावणी देतो, पाठलाग करणारा सूर मारतो. डोळा मागे राहिला की वर्णन संपलेच. म्हणूनच या खेळांना उत्तम वाणी हवी होती आणि अजूनही हवी आहे. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डी दूरचित्रवाणीवर आली, तिला श्रोते-प्रेक्षक मिळाले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अजिंक्यपदे भारताची, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळवर मात, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या मातीतला खेळ जगाने खेळला. त्याचे वर्णन मराठीत करायला किती जण सिद्ध आहेत?

आपल्या जिल्ह्यात बोलणाऱ्यांची वाण नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, हिवाळ्यात रात्रीचे कबड्डीचे सामने रंगतात. शंकरपट तर आपल्या झाडीपट्टीचा श्वास. २०१४ च्या न्यायालयीन निर्णयाने तो थांबला होता. २०२१ मध्ये पुन्हा मोकळीक मिळाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पटावर जो गृहस्थ ध्वनिक्षेपक हाती घेऊन बसतो त्याचे काम कधी बारकाईने ऐकले आहे का? जोडी कोणाची, कोणत्या गावची, धुरकरी कोण, किती सेकंदांत आली, मागच्या वर्षी काय झाले होते, हे सारे तो झाडीबोलीच्या लयीत, मधूनच एक चिमटा काढत सांगत असतो. त्याचे नाव कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. त्याला कोणी समालोचक म्हणत नाही. मी म्हणतो. आकाशवाणीच्या कक्षात बसलेल्याची जी विद्या तीच याची, फक्त याच्या सेलचा पल्ला मैदानाच्या कडेपर्यंत.

आणि इथेच मला खंत वाटते. अलीकडे अनेक मैदानांवर माइक हाती घेणारा तरुण दूरचित्रवाणीच्या आवाजाची नक्कल करतो. 'व्हॉट अ रेड', 'क्या बात है', पुन्हा 'व्हॉट अ रेड'. खेळाडूचे नाव नाही, गाव नाही, काय घडले याचा पत्ता नाही. आहे तो केवळ कोलाहल. चित्र समोर दिसत असल्यामुळे दूरचित्रवाणीच्या समालोचकाला तसे बोलणे परवडते. तो चित्राला टेकून बोलतो. मैदानाच्या मागच्या रांगेत, बैलगाडीच्या चाकाआड बसलेल्या म्हाताऱ्याला टेकायला चित्र नसते. ज्या भागाने एवढ्या बोली सांभाळल्या तिथल्या मुलांना स्वतःच्या खेळाचे वर्णन स्वतःच्या वाणीत करता येऊ नये, ही लहान गोष्ट नव्हे. शब्द वापरातून गेला की त्यामागचा बारकावाही जातो. 'निदान रेषा' म्हणायचे थांबले की ती रेषा पाहायचेही हळूहळू थांबते.

आणखी एक हानी झाली आहे, ती भरून येणारी नाही. पंडितांच्या पिढीने तासन्‌तास जे वर्णन केले त्यातले आज सहज ऐकायला मिळेल असे फारच थोडे. धावते वर्णन बोलताक्षणी हवेत विरायचे. पुस्तकांमुळे त्यांचे लेखन राहिले, बोलणे श्रोत्यांच्या स्मरणात राहिले, आणि ते श्रोतेही आता वृद्ध झाले. कोणाच्या घरी जुन्या ध्वनिफिती पडून असतील, त्यावर एखाद्या सामन्याचे मराठी वर्णन भरून ठेवलेले असेल, तर ती फीत कृपा करून रद्दीत टाकू नका. शाळेत आणून द्या. तिची प्रत करून घेणे आज अवघड नाही.

येथील शिक्षकांशी सकाळी माझे बोलणे झाले, त्यातून जे ठरावेसे वाटते ते सांगतो. येत्या हंगामातील प्रत्येक सामन्याला दोन मुले, शक्य तर एक मुलगा व एक मुलगी, वर्णनासाठी बसवावीत. एकाने बोलावे, दुसऱ्याने गुणफलक आणि नावे सांभाळावीत; मध्यंतरानंतर अदलाबदल. गावातील जुन्या खेळाडूंकडून कबड्डीचे, खोखोचे, पटाचे शब्द विचारून एका वहीत लिहावेत. झाडीबोलीतला शब्द असेल तर तोच लिहावा, पुणेरी करू नये. पोवारी घरातून आलेला असेल तर तोही. प्रत्येक वर्णन भ्रमणध्वनीवर मुद्रित करून त्यावर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव घालावे. आणि बोलणाऱ्याच्या समोरच्या खुर्चीवर, वेकलमच्या कक्षात बसवले होते तसे, गावातल्या एखाद्या दृष्टी अधू झालेल्या आजोबांना बसवावे. मोतीबिंदूमुळे मैदानावर यायचे सोडलेले कबड्डीपटू या गावात किमान दोन तरी आहेत, असे मला सांगण्यात आले आहे. सामना संपल्यावर त्यांना विचारायचे, कोणता गडी कसा बाद झाला ते सांगा. त्यांना सांगता आले तर वर्णन झाले. नाही आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.